विरोधाची खुर्ची

चष्मेवाल्याच्या दुकानात बसायला जागा कमी आणि आरसे फार. त्यामुळे पाच माणसं जमली तरी पंचवीस जमल्यासारखी वाटायची, आणि बोलणाऱ्याला बोलताना आपलं तोंड कुठेतरी दिसायचंच. दर महिन्याला एकदा, सुट्टीच्या दिवशी सकाळी, अर्धं शटर ओढून तिथे शेअर मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे एकाच रस्त्यावरचे चार दुकानदार आणि एक निवृत्त नर्सबाई. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि सर्वांच्या मताने एखाद्या कंपनीचे शेअर घ्यायचे. एकमेकांना हाका दुकानावरूनच. "चष्मा, तू बोल." "टायर, गप बस जरा." "फोटो, तुझा चहा निवला." ही गोष्ट ज्याची आहे तो बेकरी. नर्सबाईंना मात्र सगळे नर्सबाईच म्हणत, कारण त्यांच्या हातची सुई प्रत्येकाने कधी ना कधी टोचून घेतलेली होती आणि तेव्हा कोण किती ओरडलं हे त्यांना पाठ होतं.

मंडळाचा एक नियम होता आणि चष्म्याला त्याचा भारी अभिमान. पूर्वी काय व्हायचं, ज्याने शेअर सुचवला त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळे मान डोलवायचे आणि शेअर पडला की घरी जाऊन बायकोपुढे शहाणपण सांगायचे. एकदा टायर तोंडावर नाही म्हणाला, तर फोटोने त्याच्याशी असा अबोला धरला की समोरासमोर दुकानं असून दोघं पाठमोरे बसत. तेव्हा चष्म्याने तोडगा काढला. दर खेपेला एकाने विरोधक व्हायचं, पाळीपाळीने. विरोधकाने डोळे तपासायच्या उंच खुर्चीवर बसायचं आणि सुचवलेल्या शेअरविषयी बोलता येईल तितकं वाईट बोलायचं, मनात काहीही असो. खाली उतरला की विषय संपला. त्यावरून कुणी कुणावर डूख धरायचा नाही. खुर्चीवरचं खुर्चीवर. मग हात वर करायचे. सगळ्यांचे हात वर गेले तरच खरेदी, एक जरी खाली राहिला तरी नाही.

नियम चोख होता. पण माणसं चोख गोष्टीचाही खेळ करून टाकतात. वर्षभरात ती खुर्ची म्हणजे मंडळाची करमणूक झाली. खुर्चीखालचं पेडल दाबून चष्मा विरोधकाला आणखी उंच चढवायचा, फोटो "जरा हसा" म्हणायचा, आणि विरोधक कंपनीचे असे वाभाडे काढायचा की नर्सबाईंना हसून ठसका लागायचा. मग सगळे हात वर करायचे. त्या खुर्चीपायी आजवर एकही खरेदी थांबली नव्हती. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण लक्षात यावं असं त्यात कुणाला काही वाटतच नव्हतं.

अक्का मंडळात आली ती भाऊजी गेल्यानंतर. अक्का म्हणजे बेकरीची थोरली बहीण, पण बहीण नावालाच. आई लवकर गेली तेव्हा याला न्हाऊमाखू घालून तिनेच वाढवला. हा पन्नाशी ओलांडून गेला, डोक्यावरचे केस गेले, तरी तिच्या लेखी हा बाळ्याच. अक्काचं आणि भाऊजींचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. मूलबाळ नाही. भाऊजी गेल्यावर तिने दुकान विकलं, पैसे बँकेत ठेवले आणि भावाला स्वच्छ सांगितलं, "हे पैसे पुरले पाहिजेत बाळ्या. मरेपर्यंत माझ्या घरात माझ्या दिव्याचं बटण मीच दाबणार. कुणाच्या घरी पाय पोटाशी घेऊन झोपायचं नाही मला."

"कुणाच्या म्हणजे? मी कुणी का?" बेकरी म्हणाला होता.

"तू नाहीस रे. पण घर काही तुझ्या एकट्याचं नाही."

बँकेच्या व्याजात भागेना म्हणून त्यानेच तिला मंडळात आणलं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं ऐकायची आणि शेवटी भावाकडे बघून हात वर करायची. त्याचा हात वर गेला की तिचा गेलाच. त्यात तिला कमीपणा वाटत नसे. उलट, आपण वाढवलेलं पोर चारचौघांत बोलतं याचंच तिला कौतुक.

त्या वर्षी जो तो नव्या इंधनाच्या मागे लागला होता. जमिनीतलं तेल संपणार, आता कचऱ्यावर गाड्या धावणार, असं टीव्हीवर रोज कुणीतरी कोट घालून सांगत होतं. मंडळापुढे तीन कंपन्या आल्या. एक शेणापासून गॅस करणारी, एक तळणीच्या वापरलेल्या तेलापासून विमानाचं इंधन करणारी, आणि एक शेतातल्या काड्या-धाटांपासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन करणारी. शेणवाली नर्सबाईंनीच उडवली. "जन्मभर लोकांची घाण काढली. आता म्हातारपणी शेअरही तसलाच घेऊ?" तळणीवालीला टायरने चूड लावली. "तळणीचं तेल लोक टाकतात कुठे? काळं झालं तरी पुन्हा कढईतच जातं. विमान काय माझ्या सासूच्या कढईवर उडणार?" राहिली काडीवाली. ती चष्म्याने सुचवलेली. त्याच्याकडे रंगीत माहितीपत्रक होतं, त्यात पिवळ्याधमक शेतात एक गोंडस मुलगी हात पसरून उभी होती. शेअरचा भाव सहा महिने चढतच होता.

आणि विरोधाची पाळी होती बेकरीची.

आता हे सांगायला हवं की बेकरी काही नकलाकार नव्हता. इतर जण चहाच्या कपावर वाभाडे काढायचे, हा आठवडाभर आधीपासून वाचत बसायचा. कंपनीचा वार्षिक अहवाल त्याने पीठ मळायच्या टेबलावर पसरून वाचला. वाचता वाचता त्याला हसू यायचं थांबलं. त्याला ही कंपनी खरोखरच पोकळ वाटली, आणि जसजसा वाचत गेला तसतशी आणखी पोकळ वाटली.

"चढव रे त्याला," फोटो म्हणाला. चष्म्याने पेडल दाबलं. बेकरी खुर्चीसकट वर गेला. समोरच्या आरशात त्याला स्वतःचं पूर्ण तोंड दिसलं.

"माझ्या भट्टीची गोष्ट सांगतो," त्याने सुरुवात केली. "मागे मी डिझेल सोडून लाकडाच्या भुशावर भट्टी लावली. का? तर वखारवाला भुसा फुकट द्यायचा. वर 'घेऊन जा बाबा, उपकार होतील' म्हणायचा. मग खानावळवाल्याने तेच केलं, मग विटावाल्याने. महिन्याभरात वखारवाला भुशाचे पैसे मागायला लागला. पुढे त्यात माती मिसळायला लागला. कचरा कुणालाच नको असतो तोवरच फुकट असतो. ज्या दिवशी तो कुणालातरी हवा झाला, त्या दिवशी तो माल झाला. आज काड्या शेतात जाळतात म्हणून फुकट. उद्या कंपनीची गाडी दारात उभी राहिली की शेतकरी काय खुळा आहे फुकट द्यायला?"

"वा!" टायर म्हणाला.

"बरं, काड्या मिळतात कापणीला. कारखाना चालायचा बारा महिने. मधल्या काळात काय जाळणार, माहितीपत्रक?"

नर्सबाईंना ठसका लागला. बेकरीला चेव आला. त्याने अहवालाचं पान फडकवलं. "इंधन विकून किती आले बघा. आणि दर वर्षी नवे शेअर विकून किती आणले ते बघा. ही कंपनी काड्यांवर चालत नाही, आपल्यासारख्यांवर चालते. गिऱ्हाईक तरी कुणामुळे आहे? सरकारने मिसळा म्हणून सांगितलंय म्हणून. सरकारने मुदत पुढे ढकलली की संपलं. काड्या जळोत न जळोत, आपण जळणार."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. फोटो उठून उभा राहिला. चष्म्याने, ज्याची ही कंपनी, त्याने तर येऊन पाठ थोपटली. "आजवरचा सगळ्यात भारी विरोध. मानलं बेकरी तुला." कोपऱ्यातून अक्का डोळे पुसत होती, हसून की कौतुकाने कुणास ठाऊक.

"मी खरंच म्हणतोय हं," बेकरी म्हणाला.

पण हे म्हणताना तो हसत होता. घात तिथे झाला. टाळ्या वाजत असताना तोंड पाडून बसता येत नाही, आणि हसऱ्या तोंडाने सांगितलेली धोक्याची गोष्ट कुणी ऐकत नाही. "उतर आता, उतर," टायर ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला. चष्म्याने पेडल सोडलं. बेकरी हळूहळू खाली आला.

मग हात. चष्म्याचा गेला, फोटोचा गेला, टायरचा आणि नर्सबाईंचा गेला. अक्का भावाकडे बघत थांबली. हात खाली ठेवायला खरं तर काहीच करावं लागत नाही, तो आपला मांडीवर पडलेलाच असतो. पण त्या क्षणी तो पडू देण्यासारखं अवघड काम बेकरीला दुसरं वाटलं नाही. हात खाली ठेवायचा म्हणजे सांगायचं की मघाशी मी तुमची करमणूक करत नव्हतो. म्हणजे चष्म्याने थोपटलेली पाठ परत करायची. म्हणजे सगळ्यांचे चेहरे पडणार, टायर म्हणणार की बेकरीला नियम कळत नाही. आणि मनात एक चोर आवाजही होता: पाच माणसांना जे दिसत नाही ते तुला एकट्यालाच दिसतं, एवढा कोण लागून गेलास तू?

"बेकरी, डुलकी लागली का?" चष्मा म्हणाला.

बेकरीने हात वर केला. अक्काचा हात लगेच वर गेला.

मंडळाची खरेदी बेताची असे. बुडाली तरी कुणी उपाशी मरणार नव्हतं, आणि याच समजुतीवर बेकरी पुढचे काही दिवस निर्धास्त होता. मग एका दुपारी अक्का बेकरीत आली. काउंटरपाशी गिऱ्हाईक नव्हतं. ती पिठाच्या पोत्यावर टेकली आणि लाजल्यासारखं हसली.

"बाळ्या, रागावू नको. मी काडीवालीचे आणखी घेतले. माझे माझे. चष्म्याने मोबाइलवर करून दिलं."

"किती?"

"दुकानाचे होते ते."

"सगळे?"

"थोडे ठेवलेत हाताशी. औषधापुरते."

बेकरीच्या हातात पावाचा साचा होता. तो त्याने उगाच दोनदा पुसला. "अगं पण मी केवढं वाईट सांगितलं होतं!"

"म्हणून तर," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "बाकीच्यांना काय कळतंय? तू सगळी भोकं बघितलीस, एकूण एक. आणि ती सगळी बघूनही हात वर केलास. म्हणजे भोकं धरूनही फायद्याचं असणारच की. मी म्हटलं, माझा बाळ्या आंधळा हात वर करणारा नाही."

यावर काय बोलणार? बोलायला हवं होतं हे खरं. अक्का, मी लाजेने हात वर केला, एवढंच वाक्य होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही. पण ज्या बाईने आपल्याला शहाणा समजून आपलं सगळं लावलं तिला 'मी शहाणा नाही, भित्रा आहे' असं सांगायला जी हिंमत लागते ती असती, तर त्या दिवशी हातच वर गेला नसता.

"निदान अर्धे विकून टाक," तो म्हणाला. "भाव चढलाय तोवर."

"आता खाली उतर की खुर्चीवरून!" अक्का खळखळून हसली. तेवढ्यात कुणीतरी पाव मागायला आलं, आणि बेकरी सुटल्यासारखा तिकडे वळला.

तीन महिने भाव चढला. अक्काने घराला रंग काढला. मग सरकारने मिसळायची मुदत पुढे ढकलली. मग काड्यांचे दर वाढल्याचं कंपनीने कळवलं. मग नवे शेअर काढत असल्याचं कळवलं, आणि शेवटी कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवल्याचं. त्या दुरुस्तीतून तो पुन्हा उठला नाही. पूर्वी निदान शेअरचा कागद असायचा, रद्दीत तरी जायचा. आता तोही नाही. मोबाइल उघडायचा, लाल आकडा बघायचा आणि मिटायचा.

मंडळात पुढच्या खेपेला सुतकी तोंडं असतील असं बेकरीला वाटलं होतं. पण माणूस बुडाल्यावरही काहीतरी धरतोच. इथे सगळ्यांनी बेकरीलाच धरलं.

"या माणसाने शब्द न् शब्द सांगितला होता," टायर म्हणाला. "मुदतीचं काय, काड्यांचं काय! दृष्टी आहे दृष्टी."

"आपणच बहिरे," फोटो म्हणाला.

"आता पुढचा शेअर बेकरीनेच सुचवायचा," चष्मा म्हणाला. आपण सुचवलेली कंपनी बुडाली हे त्याने किती सफाईने दुसऱ्याच्या हुशारीखाली झाकलं! "बोल बेकरी, काय घेऊ या?"

नर्सबाई तेवढ्या कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "अक्का आल्या नाहीत आज?"

आणि बेकरीचं काय? त्याला लाज वाटली. पण लाजेच्या खाली कुठेतरी त्याला थोडं बरंही वाटलं. आपलं खरं ठरलं याचं बरं वाटलं. बहीण बुडाली त्याच गोष्टीत आपण शहाणे ठरलो, आणि ते मनाच्या एका कोपऱ्याला गोड लागलं. स्वतःविषयी इतकं वाईट त्याला उभ्या जन्मात कधी वाटलं नव्हतं.

अक्काने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने भांडण केलं असतं तर तो पाया पडून मोकळा झाला असता. तिने आपलं घर भाड्याने द्यायला काढलं. त्या भाड्यात औषधं आणि एखादी लहान खोली निघेल, असा तिचा हिशेब होता. आणि एका कपडे धुण्याच्या दुकानात तिने इस्त्रीचं काम धरलं. मालकीण होती तिथपासून पुन्हा इस्त्रीपर्यंत. गुडघे दुखत असताना दिवसभर उभं राहायचं.

"त्यांना आपल्याकडे बोलवा," बेकरीची बायको म्हणाली. बाई वाईट नव्हती. दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या, त्यातली एक लेकीच्या अभ्यासाची आणि अर्धी पोत्यांची. तिने भाजी निवडता निवडता पुढचं वाक्य जोडलं. "आपलं कर्तव्य आहे ते. विचारून या. त्या काही यायच्या नाहीत."

बेकरीला ते पटलं. दोन्ही पटलं. अक्का येणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्याचे पाय तिच्या घराकडे भराभर वळले.

अक्काच्या घरात अर्धं सामान बांधून झालं होतं. ती मोकळ्या जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. बेकरी तिच्यासमोर मांडी घालून बसला, आणि बोलू लागला. तो फार छान बोलला. तुझं घर आहे ते, म्हणाला. तू मला वाढवलंस, म्हणाला. या वयात तू परक्या खोलीत राहायचं आणि मी इथे पाव भाजत बसायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. भाड्याच्या खोलीचा विचार सोड. आजच चल. बोलता बोलता त्याचा आवाज दाटून आला, आणि तो दाटून आला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

अक्काने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बरं," ती म्हणाली. "येते."

बेकरीच्या डोळ्यांपुढून लेकीची परीक्षा गेली, पोती गेली, भाजी निवडणारी बायको मान वर करून बघते आहे ते गेलं. फार वेळ लागला नाही.

"ये की," तो म्हणाला. "म्हणजे... कधी येतेस?"

अक्का हसली. तेच हसू, लहानपणी याने खोटं सांगितलं की यायचं ते.

"घाबरलास होय रे? चेष्टा केली. खोलीचं ठरलंय माझं, पैसेसुद्धा दिलेत."

"तू पण ना अक्का!" बेकरी हसला, आणि त्याच्या छातीवरचं ओझं इतक्या उघडपणे उतरलं की समोर बसलेल्या आंधळ्यालाही दिसलं असतं. अक्का काही आंधळी नव्हती. तिने पुन्हा पातेलं उचललं आणि त्याभोवती कागद गुंडाळू लागली.

"तिला सांग, अक्का नाही म्हणाली," ती म्हणाली. "जा आता. भट्टी थंड होईल."

बेकरी बाहेर पडला. निम्मा जिना उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण दोन दोन पायऱ्या उतरतोय. तेव्हा तो थांबला आणि जड पावलांनी, एकेक पायरी, सावकाश उतरू लागला. वळणावर त्याने मान वर करून बघितलं. दार केव्हाच लागलं होतं.